माळवदावरचं घमेलं

आसाराम बोलायला लागला की पलीकडच्या गल्लीतल्या म्हशी कान टवकारतात, असं गावात म्हणत. साखर कारखान्यात तो बॉयलरवर फायरमन होता. भट्टीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय जडलेली, आणि घरी आल्यावर तो आवाज कमी करायचं त्याच्या लक्षातच राहत नसे. भाजीत मीठ कमी पडलं तरी तोच आवाज, बैलानं दावं तोडलं तरी तोच. त्याची बायको रंगुबाई त्यातलं कामापुरतं ऐकायची आणि बाकीचं कानाआड करायची. तिला दोष कोण देणार? सगळंच ऐकलं असतं तर बाई पहिल्या वर्षीच माहेरी निघून गेली असती.

बांगलादेशची लढाई थांबली त्या हिवाळ्यात त्यांची लेक मनकर्णा माहेरी बाळंत झाली. हे तिचं दुसरं मूल. पहिलं आदल्या वर्षी सासरी डब्यानं गेलं होतं. छाती भरते, पोट भात्यासारखं उडतं आणि पोर हातातून जातं, त्याला आमच्याकडं डबा म्हणतात. हे दुसरं पोर दिवस भरायच्या आधीच आलं. मूठभर जीव, रडणंसुद्धा धड ऐकू येत नव्हतं. पाचवी पुजून झाली आणि तेही खोकायला लागलं. कोपरगावच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून पाहिलं आणि सांगितलं, "याला थंडी लागू देऊ नका आणि धूर तर अजिबात लागू देऊ नका. आता छाती भरली तर माझ्या हातात काही नाही."

डॉक्टरला बोलायला काय जातंय! आसारामचं घर धाब्याचं. खाली लाकडाच्या तुळया, त्यांवर आडव्या काटक्या आणि पाला, आणि त्यावर हातभर जाडीची पांढरी माती. या मातीच्या सपाट छतालाच माळवद म्हणायचं. चुलीच्या डोक्यावर माळवदाला एक भोक असे, धुराडं. धुराला वाट सापडली तर तो त्यातून जायचा, नाही सापडली तर माणसांच्या नाकाडोळ्यांत. त्या घरात ऊब हवी असेल तर चुलीपाशी बसायचं आणि चुलीपाशी बसलं की धूर खायचा. एक घेऊन दुसरं सोडायची सोयच नव्हती.

"सोय न्हाई म्हंजे काय? मी करतो सोय!" आसाराम गरजला.

त्यानं सुट्टी टाकली आणि जुनी चूल फोडली. विटा आणि माती घेऊन नवी बांधली, दोन तोंडांची, मागच्या बाजूनं धूर ओढून घेणारी. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून लांब पाइप वळवून आणला. तो पाइप जुन्या धुराड्यातूनच वर काढायचं ठरलं. पण पाइप तापणार, आणि माळवदातल्या काटक्या वर्षानुवर्षं धुरानं वाळून खडखडीत झालेल्या. एखादी जरी पेटली तरी मातीखाली आतल्या आत धुमसत राहील आणि एखाद्या दिवशी छत पेटून खाली येईल. म्हणून त्यानं भोक मोठं केलं, काटक्या वीतभर मागं कापल्या, बूड फोडलेला एक मोठा रांजण त्या भोकात बसवला आणि त्याच्या मधोमध पाइप सोडला. मधल्या फटीत नुसती राख ठासली. रंगुबाई सवयीनं मातीत भुसा कालवायला लागली तेव्हा त्यानं घर डोक्यावर घेतलं.

"भुसा घालशील तर पेटंल ना! भुसा न्हाई, तूस न्हाई, चिंधी न्हाई! कळलं का?"

"कळलं," रंगुबाई म्हणाली आणि भुशाची पाटी उचलून आत नेली.

पाइपाच्या वरच्या टोकाला टोपी बसवायची राहिली होती. पत्रेवाला म्हणाला, दोन बाजार जाऊ देत, मग देतो. आसारामनं मान डोलावली. पौषात कुठला पाऊस येतोय?

चूल पेटवली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता. आसारामनं एक चिपाड पेटवून चुलीच्या तोंडाशी धरलं. ज्योत आत वाकली, सरळ पाइपाच्या दिशेनं. "बघ, ओढ हाय!" तो ओरडला. खोलीत धुराचा टिपूस नव्हता. मनकर्णा दारात पोर घेऊन उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते धुरानं आलेलं नव्हतं हे सगळ्यांना कळलं.

त्या संध्याकाळी जेवताना आसारामनं कारखान्यातली एक गोष्ट सांगितली. भट्टी विझवल्यावर धुराच्या बोगद्यात साफसफाईला एक माणूस उतरला होता. आत धूर नव्हता, वास नव्हता, कोपऱ्यात नुसते निखारे राहिले होते. माणूस बसल्या जागी आडवा झाला. पायाला धरून ओढून काढला तेव्हा कुठं वाचला. "धूर दिसला तर मानूस पळतो. निखाऱ्याचा वायू दिसत न्हाई. म्हनून चुलीची ओढ कदी बंद पडू द्यायची न्हाई!" हे सगळं त्यानं मीठ मागताना लावतो त्याच आवाजात सांगितलं. रंगुबाई भाकरी थापत होती. तिनं "व्हय" म्हटलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मग आठवडाभर त्याचा एकच उद्योग. कामावरून आला की बाजेवर चढायचा आणि पाइपाभोवतीच्या तुळईला तळहात लावून पाहायचा. गरम लागतंय का? जळका वास येतोय का? सगळी भीती त्या छताची. पोराचा खोकला मात्र उतरला. दूध ओढायला लागलं, रडणं ओसरीपर्यंत ऐकू यायला लागलं. रंगुबाईनं आपण होऊन ठरवलं की लेकीची बाज आता सैपाकघरातच टाकायची. धूर नाही आणि ऊब आयती. आसारामलाही ते पटलं. फक्त भिंतीतला झरोका उघडा ठेवायचा, एवढं त्यानं बजावलं.

त्या दिवशी सकाळपासून वारं बोचरं सुटलं होतं. आसाराम पहिल्या पाळीला गेलेला. रंगुबाईनं मनकर्णेला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, पोराला तेल लावून शेकलं, आणि झरोक्यातून येणारा वारा थेट बाजेवर येतो हे पाहून त्यात गोणपाट कोंबलं. न्हालेली बाळंतीण आणि वाऱ्यात निजवायची? कुठलीही आई हेच करेल. भाकऱ्या झाल्यावर तिनं बाभळीचे निखारे चुलीत मागं सारून त्यांवर राख ओढली, म्हणजे संध्याकाळपर्यंत विस्तव राहील आणि खोलीही ऊबदार राहील.

"आतून कडी लाव. मी मागल्या खळ्यात हाय. कुनी बी आलं तरी उघडू नगं, वारं शिरंल," ती म्हणाली. मनकर्णेनं कडी लावली आणि पोराला पोटाशी घेऊन आडवी झाली.

दुपार कलली आणि उत्तरेकडून आभाळ काळवंडून आलं. अवकाळी. गावात एकच पळापळ सुरू झाली. कुणी कडबा झाकतंय, कुणी वाळत घातलेल्या शेंगा गोळा करतंय. रंगुबाईनं ज्वारीच्या पेंढ्यांवर ताडपत्री ओढली आणि दोन टिपूस गालावर पडताच तिला धुराडं आठवलं.

आमच्याकडच्या बाईला हे शिकवावं लागत नाही. आभाळ आलं की आधी माळवदावर चढायचं आणि धुराड्यावर घमेलं पालथं घालायचं, नाहीतर पाणी थेट चुलीत. सासूनं रंगुबाईला सांगितलं, सासूला तिच्या सासूनं. गावातली प्रत्येक बाई त्या घटकेला आपापल्या माळवदावर दिसत होती. रंगुबाई शिडीनं वर गेली. पाइप कमरेएवढा वर आलेला, उघडा, आणि त्याच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं, कारण खाली नुसते निखारे होते. नवी चूल मातीची. पाणी शिरलं तर विरघळून जाईल, विस्तव विझेल, लेकरू गारठेल. तिनं घमेलं पाइपावर पालथं घातलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर धोंडा ठेवला आणि तो नीट बसला की नाही हे हलवून पाहिलं. मग समाधानानं खाली उतरली आणि पुन्हा खळ्यात गेली.

खाली बाजेवर मनकर्णेचं डोकं जड झालं होतं. कढत पाण्यानं असेल, तिला वाटलं. कपाळात ठणका सुरू झाला, मळमळल्यासारखं झालं. आईला हाक मारावी असं मनात आलं. पण डोळे इतके जड होते की जरा निजून मग मारू, असं तिनं ठरवलं. खोलीत धूर नव्हता, कसला वास नव्हता. पोर शांत होतं.

आसारामची पाळी सुटली आणि तो सायकलवर निघाला. समोरून वारं होतं, तोंडावर बारीक थेंब येत होते आणि तो वाऱ्याला शिव्या देत पायडल मारत होता. ओढ्याच्या चढावरून गाव दिसतं. तिथं आल्यावर सवयीनं त्याची नजर आपल्या घरावर गेली. गेला आठवडाभर तो तिथून पाइप बघायचा, जरा मिरवल्यासारखा. आज पाइपाच्या टोकावर काहीतरी काळं, गोल बसलं होतं.

टोपी? टोपी तर अजून आणलीच नाही.

मग त्याला घमेलं ओळखू आलं, आणि त्यावरचा धोंडाही. सायकल उताराला लागली होती. त्या बोगद्यातून ओढून काढलेल्या माणसाचं तोंड त्याला आठवलं. चेहरा लालबुंद, जणू उन्हातून आलाय, आणि डोळे मिटलेले. विस्तव विझलेला असू दे, तो पुटपुटत होता, झरोका उघडा असू दे, दार उघडं असू दे. ओढ्याच्या तळाशी चाक वाळूत रुतलं. त्यानं सायकल तिथंच टाकली आणि पळत सुटला. पन्नाशी ओलांडलेला, दिवसभर भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस. छाती फुटायची वेळ आली तरी थांबला नाही.

अंगणात शिरला तेव्हा रंगुबाई खळ्यातून परत येत होती. तो सरळ सैपाकघराच्या दाराकडं गेलेला पाहून ती धावत आडवी आली.

"अवं, पाय! पाय धुवा आधी! बाहेरनं आलेला मानूस असा बाळंतिनीकडं जातो का?"

"दार उघड! दार उघड!" तो ओरडत होता आणि दारावर थापा मारत होता. "मनू! ए मनू!"

"निजलीय ती. कशाला गळा काढताय? हे घ्या पानी." रंगुबाईनं तांब्या पुढं केला. तिच्या चेहऱ्यावर नेहमीचाच वैताग होता. इतक्या वर्षांत हा माणूस किती वेळा असा आग लागल्यासारखा ओरडत आला होता! एकदा कोंबडी डालायची राहिली म्हणून, एकदा पंचा सापडेना म्हणून. शेजारचा रखमाजी आपल्या ओसरीवरून बघत होता, तोही हसत होता.

आसारामला ते हसणं दिसलं, बायकोच्या हातातला तांब्या दिसला. आपल्या ओरडण्यावर कुणाचा विश्वास नाही, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा समजलं. त्यानं तिचा दंड धरला. आवाज निघाला तो इतका बारीक की तिला तो ओळखूच आला नाही.

"रंगू. तू पाइप झाकलास. आत निखारा हाय. पोरगी मरंल."

तांब्या तिच्या हातातून पडला. तिनं दाराला तोंड लावून हाक मारली, "मनू, बाळा, कडी काड!" आतून काहीच आवाज आला नाही. कण्हणंसुद्धा नाही. ती पुन्हा ओरडली, मुठींनी दार बडवलं. आसारामनं खांदा मारला. दार सागवानी, जुनं, आणि आतली कडी घट्ट. ते हललंही नाही.

"पहार!" तो म्हणाला. ती आधीच गोठ्याकडं पळाली होती.

आमच्याकडच्या जुन्या दारांना बिजागऱ्या नसतात. फळीचा खुंट खाली दगडाच्या खळग्यात बसवलेला असतो आणि दार त्यावर फिरतं. रंगुबाईनं पहारेचं टोक फळीखाली घातलं, आसारामनं दुसऱ्या टोकावर अंग टाकलं. पहार निसटली. पुन्हा घातली. रंगुबाईनं उंबऱ्यावर बसून ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. तिचं बोट चेंगरलं ते तिला कळलं नाही. रखमाजी हसायचं थांबवून कुंपण ओलांडून धावत आला आणि दोघांनी मिळून जोर लावला. खुंट खळग्यातून उचकटला, फळी वाकडी झाली आणि माणूस आडवा शिरेल एवढी फट पडली.

आत ऊब होती. छान, मऊ ऊब. आसारामनं श्वास कोंडून घेतला आणि आत शिरला. मनकर्णा बाजेवर पडलेली, गाल लाल. झोपेतली वाटावी अशी. तिच्या कुशीत पोर, कानाला फडकं बांधलेलं, आणि छाती हलतेय की नाही ते त्या उजेडात दिसत नव्हतं. त्यानं पोर उचलून फटीतून बाहेर दिलं, कडी काढली आणि लेकीच्या काखेत हात घातले. रखमाजीनं पाय धरले. तिला अंगणात आणून ओल्या जमिनीवर ठेवलं. मग आसाराम शिडी चढला आणि लाथेनं घमेलं उडवून दिलं. धोंडा गडगडत जाऊन खळ्यात पडला.

पोर रंगुबाईच्या हातात होतं. जिनं त्या पोराला वारा लागू नये म्हणून घरातली फट न् फट बुजवली होती, तिनं आता त्याचं कानफडकं ओढून काढलं, दुपटं सोडलं आणि त्याला उघडं करून वाऱ्याच्या तोंडाशी धरलं. पावसाचे थेंब त्याच्या छातीवर पडत होते. ओठांचा रंग बरा दिसत नव्हता.

"रड," ती म्हणत होती. "रड रं माज्या राजा. रड ना रं."

ते रडत नव्हतं. तिनं त्याच्या तळपायांना बोटानं चोळलं, पाठीवर थोपटलं, पुन्हा चोळलं. आसाराम शिडीच्या मधल्या पायरीवर थबकला होता. खाली यायची त्याची हिंमत होत नव्हती. अंगणात रखमाजीची बायको मनकर्णेच्या तोंडावर पदरानं वारा घालत होती आणि रखमाजी पोराकडं न बघता बैल सोडायला धावला होता.

आधी एक उचकी आली. मग पोटाचा खळगा हलला. मग ते रडलं, आठवडाभर कमावलेला सगळा आवाज लावून, संतापून, हातपाय झाडत. आसाराम शिडीवरच बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देऊ लागला.

मनकर्णेला शुद्ध यायला वेळ लागला. आली ती ओकारी घेऊन. डोकं फुटतंय म्हणाली, पोर कुठंय म्हणाली. तोवर रखमाजीनं गाडी जुंपून दारात आणली होती, त्यात कडबा पसरून गोधडी टाकली होती. दोघांनाही डॉक्टरकडं न्यायचं होतं. मनकर्णेला धरून गाडीत बसवलं. पोर आता आसारामकडं होतं. रंगुबाईनं ते रडताक्षणी त्याच्या हातात दिलं होतं आणि स्वतः लांब भिंतीपाशी जाऊन उभी राहिली होती. तिच्या चेंगरलेल्या बोटातून रक्त ठिबकत होतं.

"काय झालं हुतं आबा?" मनकर्णेनं विचारलं. "धूर तर न्हवता."

आसारामनं पोराचं दुपटं नीट गुंडाळलं. रंगुबाईच भिंतीपासून म्हणाली, "म्या केलं गं. पाऊस आला म्हनून पाइपावर घमेलं घातलं. वर धोंडा ठिवला. हलवून बी बघितला."

बैलानं मान हलवली, घुंगुर वाजले.

"चल, बस गाडीत," आसाराम हळू आवाजात म्हणाला. "पोराला कोन धरनार? मला गाडीला धक्का द्यावा लागंल वड्यात."

"मी न्हाई. रखमाजीच्या मालकिनीला न्या. माज्या हातात नका दिऊ."

"आई," मनकर्णा म्हणाली.

"नगं गं मने. एक गेलंय तुजं. ह्ये बी माज्या हातनं जात हुतं."

मनकर्णेनं बापाच्या हातातून पोर घ्यायला हात पुढं केले. ते पानासारखे थरथरत होते. तिनं ते हात आईला दाखवले.

"हे बघ. माज्या हातनं पडंल त्ये आता. तू घे."

"नगं."

"मग मी कुनाला दिऊ? तूच सांग आई. मला दुसरं कोन हाय?"

रंगुबाई भिंतीपासून हलली. लुगड्याला हात पुसले, बोटाचं रक्त लागलं म्हणून पुन्हा पुसले आणि चाकावर पाय ठेवून गाडीत चढली. आसारामनं पोर तिच्या ओटीत ठेवलं. तिनं त्याला पदरात घेतलं, तोंड मात्र उघडं ठेवलं आणि एक बोट त्याच्या नाकाशी धरलं. गाडी हलली, ओढ्यात उतरली, चाकं रुतली, रखमाजीनं बैलांना हाळी दिली, आसारामनं मागून खांदा लावला आणि गाडी वर चढली. कोपरगावचे दिवे दिसले तेव्हाही पोराचा श्वास बोटावर येत होता, जात होता, आणि रंगुबाईनं ते बोट तिथून हलवलं नाही.